बटण दाबले, पण शटर सुटले नाही

जुन्या फिल्म कॅमेऱ्याचे शटर अडले की पहिला संशय बटणावर जातो, कारण बोट तिथेच असते. मग माणूस ते आणखी जोराने दाबतो. अडलेल्या कॅमेऱ्याचे खरे नुकसान बहुधा या जोरानेच होते. वाकलेली दांडी, जागेवरून निसटलेली स्प्रिंग, दुमडलेले पाते ही सगळी मूळ बिघाडानंतरची दुखणी. मूळ बिघाड अनेकदा वाळलेल्या ग्रीसचा पातळ थर, संपत आलेला सेल किंवा चुकून फिरलेली एखादी कडी एवढाच असतो. म्हणून या प्रकरणात स्क्रू ड्रायव्हर बराच उशिरा येईल. आधी कॅमेरा नेमका कुठे थांबला आहे ते शोधायचे.

बटणाचे काम फार थोडे असते. रोल पुढे सरकवणारा लिव्हर अंगठ्याने फिरवताना दोन गोष्टी एकदम होतात: फिल्म एक चौकट पुढे जाते आणि शटरच्या स्प्रिंगा ताणल्या जातात, म्हणजे शटर चढते. ताणलेल्या स्प्रिंगांना पोलादाची एक लहानशी खिटी धरून ठेवते. बटण दाबल्यावर एक दांडी खाली सरकते आणि ती खिटी बाजूला होते. पडदा धावतो तो स्प्रिंगच्या बळावर. बोटाचे बळ त्यात कुठेही नसते. निरोगी कॅमेऱ्याचे बटण म्हणूनच हलके लागते, आणि ते जड लागू लागले तर ती पुढच्या अडचणीची सूचना समजावी.

खिटी सुटण्याआधी कॅमेरा काही अटी तपासतो. शटर पूर्ण चढले आहे का? फिल्म एक अख्खी चौकट सरकली आहे का? कुलूप उघडे आहे का? रिफ्लेक्स कॅमेरा असेल तर आरसा वर जायला मोकळा आहे का? विजेवर चालणारा असेल तर सेलमध्ये जोर आहे का? यातली एक अट अपुरी राहिली तरी बटण जागचे हलत नाही, किंवा हलते पण पुढे काहीच घडत नाही. कुठली अट अपुरी आहे हे कळले की अर्धी दुरुस्ती झाली.

या अटी कॅमेऱ्यात पहिल्यापासून नव्हत्या. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसे तिच्यात होती, तेव्हा कॅमेऱ्याला शटरच नसे. ओल्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. भिंगावरचे झाकण हाताने काढायचे, मनात आकडे मोजायचे, झाकण परत लावायचे. पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या, त्या प्रकाशाला कितीतरी पटींनी तत्पर होत्या, आणि सेकंदाचा लहान तुकडा हाताने मोजणे अशक्य झाले. तिथे शटर आले. १८८८ च्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात दोरी ओढून शटर चढवावे लागे, मग बटण दाबायचे, मग किल्लीने फिल्म पुढे न्यायची. तिन्ही कामे वेगळी होती आणि एकाचा दुसऱ्यावर वचक नव्हता. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या साथीदारांनी १९१८ च्या सुमारास जो चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच्या हाताने घडवला, त्याच्यासारख्या हातकॅमेऱ्यांत तर शटर म्हणजे हँडलबरोबर गरगर फिरणारी कापलेली चकती. तिला खिटी नाही, त्यामुळे अडण्याचा हा प्रकारही नाही.

स्थिर छायाचित्राच्या कॅमेऱ्यात मात्र लोक फिल्म सरकवायला विसरत आणि एका चौकटीवर दोन चित्रे पडत. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पोहोचलेला आग्फा क्लिक ३ हा कॅमेरा बडोद्याला तयार होई. १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरची बारा चित्रे तो घेई. त्याला असली कुठलीच अट माहीत नव्हती. रोल सरकवा, न सरकवा, कळ दाबली की ‘टक्’ होणारच. जुन्या अल्बममध्ये मुंजीच्या मुलाच्या अंगावर गणपतीची आरास उमटलेली दिसते ती अशाच कॅमेऱ्यांमुळे. ही चूक टाळण्यासाठी महाग कॅमेऱ्यांत फिल्म आणि शटर एकमेकांना जखडले गेले, आणि आज घरोघर अडून बसलेले कॅमेरे हे बहुतांशी त्या जखडणीचे बळी आहेत.

आता मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या जुहूकडे येऊ, कारण इथे कॅमेऱ्याचे आयुष्य वेगळ्या वेगाने संपते. जुहू तारा रोडवरच्या इमारतींच्या खिडक्यांची लोखंडी जाळी किती लवकर गंजते ते इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. तीच हवा कपाटात शिरते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. मिठाचा गुण असा की सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. मुंबईचा पावसाळा ही मर्यादा आठवडेच्या आठवडे ओलांडून असतो. म्हणजे जूनमध्ये बटणाच्या दांडीवर बसलेला मिठाचा कण सप्टेंबरपर्यंत खाऱ्या पाण्याचा थेंब होऊन राहतो आणि हिवाळ्यात पुन्हा खडा बनतो. पितळी नळीत पोलादी दांडी असेल तर दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी अशी जोडी जमते आणि गंज वेगाने पकडतो. दांडी आणि नळीतली फट केसाएवढी असते. तिच्यात गंजाचा थोडासा भुगा साठला तरी बटण दाबल्यावर वर येत नाही.

हा किनारा किती ओला, याचा पुरावा विमानांच्या इतिहासातही आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. पण पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जाई आणि तेवढे महिने ही विमानसेवा पुण्याला हलवावी लागे. जुन्या कॅमेऱ्यांचा संग्रह असलेल्या जुहूकराला पुण्यात नातेवाईक असतील तर पावसाळ्यापुरता तोच मार्ग धरावा, असे मी मनापासून सुचवेन.

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांतल्या तळमजल्यांवरची कपाटे पाण्यात गेली. पाण्यात गेलेला कॅमेरा पुसून, पंख्याखाली वाळवून पुन्हा कपाटात ठेवला की वरून तो छान दिसतो. आत मात्र चिखलाचा बारीक गाळ गिअरच्या दातांत वाळतो आणि स्प्रिंगा गंजतात. अशा कॅमेऱ्याचे शटर अडलेले असेल तर ते घरी उघडू नये. पुढे कधी कॅमेरा समुद्राच्या किंवा पुराच्या पाण्यात पडलाच, तर सेल आणि रोल काढून तो लगेच स्वच्छ गोड्या पाण्यातून काढावा आणि त्याच दिवशी कारागिराकडे न्यावा. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याला त्या घटकेला गोड्या पाण्यापेक्षा वाळणारे मीठ जास्त घातक असते.

कॅमेरा हातात घेतल्यावर पहिले काम म्हणजे त्याच्या कुलपांची ओळख. निकॉनच्या एफएम, एफई आणि एफएम-२ मध्ये रोल सरकवण्याचा लिव्हर अंगाला पूर्ण चिकटवला की बटणाला कुलूप लागते. तो बोटाने थोडा बाहेर ओढला की बटण मोकळे होते. वारशाने आलेला एफएम-२ ‘बिघडला’ म्हणून कपाटात पडून असतो, आणि प्रत्यक्षात तो मालकाने नीट बंद केलेला असतो. यशिका मॅट १२४-जी च्या बटणाभोवतीची कडी फिरली असेल तर तेही दबत नाही. हॅसलब्लॅडच्या मागच्या फिल्मपेटीत संरक्षक पत्रा तसाच राहिला असेल तर कॅमेरा चित्र घ्यायला नकार देतो, कारण पत्र्यावर चित्र काढण्यात अर्थ नाही हे त्याच्या रचनेत धरलेले आहे. सोव्हिएत फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांत रोल परत गुंडाळण्यासाठी बटणाभोवतीची कडी फिरवतात. ती पूर्वस्थितीला आणली नाही तर शटर चढून राहत नाही. यातल्या काही मॉडेलांत शटर चढवण्याआधी वेगाची चकती फिरवली तर आतले यंत्र मोडू शकते. तेव्हा नुसत्या तपासणीच्या हौसेनेही ती चकती आधी फिरवू नये.

ऑलिंपस ट्रिप ३५ ची गोष्ट तर वेगळी सांगण्याजोगी. १९६७ ते १९८४ पर्यंत बनलेला हा कॅमेरा भिंगाभोवतीच्या सेलेनियम पट्टीवर चालतो आणि त्याला सेल लागत नाही. भिंगावरची कडी ‘ए’ खुणेवर असताना प्रकाश कमी पडला की दर्शकात लाल पट्टी वर येते आणि बटण मध्येच अडते. घरात, संध्याकाळी, कपाटातून काढल्या काढल्या कोणी बटण दाबले तर ते अडणारच. कॅमेरा खिडकीकडे वळवा, पुन्हा दाबा. भर उन्हातही लाल पट्टी येत असेल तर ती कडी ‘ए’ वरून एखाद्या आकड्यावर आणा. आता शटर सुटले, तर यंत्र ठणठणीत आहे आणि सेलेनियम थकले आहे. दमट हवेत आणि सतत उजेडात ठेवलेल्या पट्ट्या लवकर थकतात. म्हणून या कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण ठेवायची सवय चांगली.

काही कॅमेरे रोल नसताना हटकून अडतात. अंगठ्याने चाक फिरवायच्या अनेक साध्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांत शटर चढवायचे काम फिल्मच्या कडेची छिद्रे करतात. फिल्म सरकते, तिच्या छिद्रांत अडकलेले दातेरी चाक फिरते आणि शटर चढते. रिकाम्या कॅमेऱ्यात चाक कितीही फिरवा, ते दातेरी चाक जागचे हलत नाही. पाठ उघडून ते बोटाने हळूच फिरवले की बटण जिवंत होते. कोडॅक रेटिनाच्या काही मॉडेलांत चित्रांचा आकडा उलटा मोजतो आणि शेवटच्या आकड्याला आला की लिव्हरच अडवतो. आकडा पुढे सरकवला की झाले. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर ‘बंद’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या कॅमेऱ्यांत असे काही खरे तर चालू निघतात. ज्याला ही यादी ठाऊक आहे त्याने तिथे जरूर जावे.

कुलपे तपासून झाली की साखळीचे दोन तुकडे करायचे. बटणाच्या मधोमध आट्यांचे निमुळते छिद्र असेल तर त्यात केबल रिलीज बसवा. बटण दाबून शटर सुटत नाही पण केबलने सुटते, असे झाले तर दोष बटणाच्या कडीत किंवा वरच्या दांडीत आहे आणि शटर चांगले आहे. दोन्हींनी सुटत नसेल तर खाली शोधायचे. निकॉन एफ आणि एफ-२ च्या बटणाला आटे बाहेरून असतात, त्यांना नेहमीची केबल बसत नाही. ती जबरदस्तीने घुसवू नये. घडीच्या कॅमेऱ्यांत, म्हणजे आग्फा आयसोलेटसारख्या भात्याच्या कॅमेऱ्यांत, ही परीक्षा आणखी सोपी आहे. शटर भिंगातच असते आणि वरच्या बटणापासून तिथपर्यंत एक दांडी गेलेली असते. भिंगाजवळची चढवण्याची कळ ओढा आणि शटरच्या अंगावरची सुटण्याची कळ बोटाच्या टोकाने थेट हलवा. शटर सुटले तर फिल्मची अट किंवा मधली दांडी दोषी. भाता उघडताना-मिटताना ती दांडी वाकलेली असते आणि मिलिमीटरभर कमी पोहोचते.

विजेच्या कॅमेऱ्यांत पहिला प्रश्न सेलचा. १९७६ साली बाजारात आलेले दोन कॅमेरे शेजारी ठेवून पाहावेत. पेंटॅक्स के-१००० चे शटर पूर्ण यांत्रिक. त्यातला सेल केवळ प्रकाशमापकासाठी, त्यामुळे के-१००० अडला तर सेलला दोष देता येत नाही. कॅनन एई-१ चे शटर मात्र विद्युतचुंबक सोडतो. सहा व्होल्टचा सेल मेला की त्याचे बटण सुस्थितीतही निरर्थक. निकॉन एफई या दोघांच्या मध्ये बसतो. त्याच्या चकतीवर ‘एम ९०’ अशी एक जागा आहे, तिथे शटर सेलशिवाय १/९० सेकंदाने सुटते. त्या जागेवर चालतो आणि इतरत्र अडतो, म्हणजे दोष विजेचा हे नक्की. सेलच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली तर अल्कलाइन सेल गळलेला आहे. व्हिनेगरमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा तिच्यावर फिरवावा, मग कोरड्याने पुसावे. लोखंडी पातीने खरवडू नये, खालचा मुलामा निघून जातो.

एई-१ मध्ये सेल नवा, लिव्हर पूर्ण फिरलेला, तरी बटण मुके असेल आणि कॅमेऱ्याच्या तळाला तळहाताने हलकी टिचकी मारल्यावर शटर सुटत असेल, तर चुंबकाच्या तोंडावर तेलाचा थर चढला आहे. यात लपलेले भौतिकशास्त्र मला फार आवडते. चढलेल्या अवस्थेत लोखंडी पट्टी एका कायम चुंबकाला चिकटून असते. बटण दाबले की गुंडाळीत क्षणभर वीज जाते, चुंबकाचे बळ कापले जाते आणि स्प्रिंग पट्टीला ओढून घेते. दोन गुळगुळीत पृष्ठभागांत चिकट तेल असेल तर बळ गेल्यावरही पट्टी सुटत नाही. तळाचा पत्रा काढला की हा भाग दिसतो. कोऱ्या कागदाची अरुंद पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून त्या फटीतून अलगद ओढून घ्यायची, मग कोरडी पट्टी ओढायची. डाग येईनासे झाले की काम झाले.

यशिका इलेक्ट्रो ३५ चे दुखणे फसवे आहे. त्याच्या बटणाखालच्या दांडीशी रबराचा एक लहान तुकडा असतो, तो उष्ण दमट हवेत चिखल होऊन गळतो. बटण दबते, आवाजही होतो, पण दांडी पूर्ण जागेवर परतत नाही आणि विजेचे संपर्क चुकीच्या क्षणी जुळतात. ओळखायचे कसे? लिव्हर फिरवताना आतून एक स्पष्ट ‘खट्’ ऐकू यायला हवा. तो नसेल तर रबर गेले. या कॅमेऱ्याचा सेल मेला तरी शटर सुटतेच, पण एकाच वेगाने, १/५०० सेकंदाने. मग अख्ख्या रोलची चित्रे काळवंडून येतात आणि दोष फिल्म धुणाऱ्याच्या माथी जातो.

रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत आरशाच्या वरची स्पंजाची पट्टी हे जुहूच्या हवेचे आवडते भक्ष्य. तो स्पंज पॉलियुरेथेनचा, हवेतल्या पाण्याने तो तुटत जातो आणि शेवटी डांबर बनतो. आरसा वर जातो आणि तिथेच चिकटतो. किंवा जातानाच अडखळतो, आणि आरशाचा प्रवास पूर्ण झाल्याखेरीज पडद्याची खिटी सुटत नसल्याने कॅमेरा मध्येच थांबतो. भिंग काढून दातकोरणीच्या टोकावर अल्कोहोलचा थेंब घेऊन ही राळ थोडीथोडी उचलावी. आरशाला कापूस लावू नये. त्याचा चकचकीत मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो आणि तो पुसला जातो.

उघडावे लागणाऱ्या दुरुस्तीचे एक उदाहरण पुरते पाहू, भिंगातल्या शटरचे, कारण घरी नीट टेबल असेल तर शिकायला हे सर्वांत योग्य. लक्षण असे: थेट कळ हलवली तरी शटर सुटत नाही, किंवा पाती अर्धवट उघडून थांबतात, किंवा एक सेकंदाचा वेग चालू होतो आणि चाकांची कुरकुर मध्येच बंद पडते. अशा वेळी शटरवरचा स्वयंचलित फोटोचा लिव्हर चुकूनही हलवू नये. ती चाके सगळ्यांत आधी गोठलेली असतात आणि एकदा चढून अडकली की पूर्ण शटरच बंद पडते.

पुढचे भिंग फिरून बाहेर येते. काढण्याआधी ते ‘अनंत’ खुणेवर आणून भिंगाच्या कडेवर आणि अंगावर बारीक रेघ करून ठेवा, आणि आटे कुठे सुटले तिथे दुसरी खूण करा. नाहीतर परत बसवताना सगळी चित्रे धूसर येतील. आयसोलेटमध्ये हे भिंगच फिरत नाही, कारण आग्फाने वापरलेले हिरवट ग्रीस दशकांनंतर सिमेंटसारखे घट्ट होते. थोडी ऊब आणि व्हाइट पेट्रोलचे थेंब रात्रभर मुरू दिले की ते नरमते. पकडीने पिळू नये. भिंग निघाले की वेगाची कडी आणि तिच्याखालची खाचांची चकती दिसते. या चकतीच्या खाचांतूनच आतल्या खुंट्यांना कुठला वेग हवा ते कळते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढावा, आणि स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने चिकटपट्टीवर लावत जावे.

चकती उचलली की संथ वेगांची दातेरी चाके उघडी पडतात. घड्याळात असतात तशीच ती आहेत, आणि दुखणेही घड्याळाचेच: तेल वाळून गोंद झाले. टोकदार कुंचल्याने स्वच्छ व्हाइट पेट्रोल चाकांवर आणि पात्यांवर थोडेथोडे सोडायचे, शटर चढवून सोडायचे, वर आलेला मळ टिश्यूने टिपायचा. पहिल्या धुण्यात पाती सुरेख चालतात आणि द्रव उडाला की पुन्हा चिकटतात, कारण विरघळलेले तेल तिथेच पसरलेले असते. कोरडे होऊनही पाती निर्धास्त उघडमीट करेपर्यंत हे करत राहायचे. थिनर वापरू नका, रंग आणि प्लास्टिक दोन्ही खाते. खिडकी उघडी ठेवा, आणि त्या खोलीत गॅस, उदबत्ती, निरांजन काहीही पेटलेले नको.

तेलाबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. पात्यांना तेलाचा थेंबही लागता कामा नये. ती कोरडीच चालायला बनवलेली आहेत. चाकांच्या आसांना लागलेच तर घड्याळाचे तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढे. आपल्याकडे जुन्या कॅमेऱ्यांत शिवणयंत्राचे तेल सापडते, फवाऱ्याचे गंजनाशक सापडते आणि खोबरेल तेलही सापडते. खोबरेल साधारण २४ अंशांना गोठते. पुण्या-नाशिकच्या थंडीत तर ते दगड होतेच, मुंबईतही जानेवारीच्या पहाटे थिजते. ज्या शटरमध्ये कधीकाळी खोबरेल गेले ते दिवाळीनंतर अडते आणि होळीला आपोआप बरे होते, आणि मालक त्याला कॅमेऱ्याचा लहरीपणा म्हणतो.

स्क्रूंचीही एक गोष्ट. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरशी हुबेहूब जुळत नाहीत. त्यांची खाच वेगळ्या कोनाची असते आणि साध्या अवजाराने तिचे तोंड झिजते. जपानी मापाचे अवजार घ्यावे. काही कॅमेऱ्यांत लिव्हरवरची टोपी किंवा आकड्याच्या चकतीचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो, म्हणून हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी दिशा तपासावी.

झाकण लावण्याआधी परीक्षा घ्या. रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ उघडून तो उजेडाकडे धरा आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण करा. १/३० सेकंदाला शटर आठ चौकटींत उघडे दिसायला हवे, १/६० ला चार. याहून जलद वेग मोबाइल नीट पकडू शकत नाही, पण संथ वेग बरोबर आले तर चाके निरोगी आहेत. एक सेकंदाला आवाज अखंड, एकसारखा यायला हवा. हाच प्रयोग कॅमेरा उताणा धरून, मग पालथा धरून करा. एका बाजूला चालतो आणि दुसरीकडे अडतो, तर मळ अजून आहे.

काही कॅमेरे घरी उघडायचेच नाहीत. फ्लॅश आत बसवलेल्या कॅमेऱ्यांत, मग तो यशिका एमएफ-२ असो की फिल्मच्या शेवटच्या काळातला एखादा स्वस्त कॅमेरा, सुमारे ३०० व्होल्ट साठवणारा कपॅसिटर असतो. सेल काढल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहतो आणि त्याचा झटका जिवावर बेतू शकतो. कापडी पडद्याचे शटर, ज्यात दोन पडद्यांचा ताण एकमेकांशी जुळवावा लागतो, तेही मापनयंत्राशिवाय छेडू नये. हॅसलब्लॅडचे भिंग आणि कॅमेरा यांचे चढणे जुळेनासे झाले की दोन्ही एकमेकांत अडकतात. मागच्या बाजूने लांब स्क्रू ड्रायव्हरने भिंगाच्या आसाची खाच फिरवून ते सोडवता येते, पण अवजार निसटले तर भिंगाच्या मागच्या काचेवर ओरखडा पडतो. ते काम ज्याने आधी केले आहे त्याच्याकडेच द्यावे.

असा माणूस शोधायला जुहूहून फोर्टात जावे लागते. बोरा बाजाराच्या गल्ल्यांत कॅमेऱ्याची दुकाने आहेत आणि दुरुस्ती करणारे हातही अजून आहेत. कारागिराला ‘शटर चालत नाही’ एवढेच सांगू नये. कॅमेऱ्याबरोबर एका चिठ्ठीवर लिहून द्यावे: आत रोल आहे की नाही, लिव्हर शेवटपर्यंत फिरतो की मध्येच थांबतो, बटण दबते की दबतच नाही, केबलने सुटते का, कुठल्या वेगावर अडतो, पाण्यात कधी गेला होता का, आणि आधी कोणी उघडून काय घातले आहे. शेवटचा तपशील लपवू नये. आत शिवणयंत्राचे तेल आहे हे आधी कळले तर कारागीर बटणापासून सुरुवात न करता थेट शटर धुवायला घेतो, आणि त्याचा अर्धा वेळ वाचतो.